जुन्या मोटारीच्या इंजिनाचे अडखळणे : निदानाचा क्रम

कुर्ला येथे तयार झालेल्या फियाट ११०० व प्रीमिअर पद्मिनी या मोटारींचे १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन रचनेने साधे आहे. तथापि ते थरथरू लागले व मधूनच बंद पडू लागले, म्हणजे पुष्कळदा प्रथम कार्ब्युरेटरचाच स्क्रू फिरविला जातो. हा क्रम चुकीचा होय. मूळ दोष ठिणगीचा असल्यास अशाने एका दोषाचे दोन होतात.

निदानाचा आरंभ ठिणगीपासून करावा. इंजिन मंद गतीवर ठेवून प्लगच्या तारा रोधक पकडीने एकेक सोडवाव्या. जी तार काढल्याने आवाजात फरक पडत नाही, तिचा सिलिंडर निष्क्रिय समजावा. त्याचा प्लग शेजारी लावताच दोषही तेथे गेला, तर दोष प्लगचा. अन्यथा तार व सिलिंडरातील दाब तपासावा. चारही सिलिंडर सारखेच अडखळत असल्यास पॉइंट, कंडेन्सर व कॉइल पाहावे. कळव्यासारख्या खाडीकाठच्या ठिकाणी पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर ओल धरून वीज आडवाटेने निसटते. झाकण पुसताच इंजिन सुधारले, तर निदान तेथेच पुरे होते.

तदनंतरच मिश्रणाकडे वळावे. थरथर केवळ मंद गतीत असून थ्रॉटल उघडताच ओसरत असेल, तर मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा शिरत असण्याचा संभव असतो. कारण मंद गतीत तेथील दाब अत्यंत कमी असतो. शिवाय आजच्या पेट्रोलमधील सुमारे २० टक्के इथेनॉलमुळे जुन्या जेटचे मिश्रण विरळ ठरते. म्हणून एका वेळी एकच फेरफार करावा व त्याचा परिणाम नोंदवूनच पुढे जावे.