मुलाची वाटणी होत नसते



पीकपाण्याच्या गोष्टी सांगणारा माणूस आज कोर्टाच्या गोष्टी का काढतो, असे तुम्हांला वाटेल. पण कामाच्या निमित्ताने आम्हांला घरोघरी जावे लागते. ओसरीवर चहा घेताना घरातले दुखणेही कानांवर येते. नवराबायकोचे पटले नाही, सून माहेरी गेली, प्रकरण कोर्टात गेले आणि लेकरू दोन गावांच्या मध्ये अडकले, ही गोष्ट आता आपल्याही गावांत नवी राहिलेली नाही. म्हणून चार शब्द सांगावेसे वाटतात.

ताबा जमिनीचा आणि ताबा मुलाचा

'ताबा' हा शब्द आपल्याला जमिनीमुळे ठाऊक आहे. मोजणी झाली, बांध पडला, की अलीकडचे माझे, पलीकडचे तुझे. कोर्टाच्या कागदावर मुलासाठीही हाच शब्द येतो आणि तिथेच गैरसमज होतो. ताबा मिळाला म्हणजे मूल आपले झाले, दुसऱ्याने बांध ओलांडायचा नाही, असे लोक धरून चालतात. पण मुले म्हणजे आईबापांच्या मालकीची चीजवस्तू नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच एका निकालात सांगितले आहे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावे, असे तो सांगतो. त्यापुढे मुलाचे हित ज्यात असेल तेच सर्वांत मोठे. सर्व धर्मांच्या लोकांना लागू असलेला पालक व पाल्य कायदा १८९० चा आहे. तोही मुलाचे हितच पाहायला सांगतो. मूल समजत्या वयाचे असेल, तर न्यायाधीश त्याचे म्हणणेही विचारात घेऊ शकतात.

"पोरगं आमच्या वंशाचं, आमच्या सातबाऱ्याचा वारस, ते आमच्याकडंच राहणार," असे आजोबा ठासून सांगतात. त्यांची भीती खरी असते, पण ती विनाकारण असते. मूल आईकडे वाढले म्हणून बापाच्या जमिनीतला त्याचा वारसाहक्क जात नाही. मग तो मुलगा असो की मुलगी.

भेटीचा आदेश नीट लिहून घ्या

मूल एकाकडे राहिले तरी दुसऱ्याची भेट तुटू नये, म्हणून कोर्ट भेटीचे दिवस ठरवून देते. एक रविवार आड भेट, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी, अशी वाटणी पुष्कळदा होते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की दूर असलेल्या आईला किंवा बापाला फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता आले पाहिजे.

पण 'एक रविवार आड' एवढेच लिहिले, की खेड्यात अडचण होते. शेवटची एस.टी. किती वाजता जाते? नदीला पाणी आले तर? बाप ऊसतोडीला परजिल्ह्यात गेला तर चार महिने काय? दोन्ही बाजू समजुतीने अटी लिहून देत असतील, तर हे सारे आधीच वकिलाला सांगा. मुलाला कोण आणून सोडणार, किती वाजता, कोठे. एक भेट चुकली तर बदली दिवस कोणता. दोन्ही गावांच्या जत्रेला मूल कोठे असेल. परीक्षेच्या दिवसांत काय करायचे. हे कागदावर आले, की पुढची निम्मी भांडणे टळतात. भेटीची जागाही विचाराने ठरवा. भर बाजारात, चार लोकांच्या नजरेसमोर मुलाची देवघेव नको. दोघांना मान्य असलेल्या एखाद्या नातेवाइकाचे घर त्याहून कितीतरी बरे.

आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. मूल मोठे होते, शाळा बदलते. मग त्याच कोर्टात अर्ज करून दिवस बदलून घेता येतात.

पोटगी आणि भेट यांचा सौदा नको

फिरतीवर एका गावी पाहिलेली गोष्ट. बापाने दोन महिने पैसे पाठवले नाहीत, म्हणून आईने मुलीला भेटीला पाठवले नाही. मुलीला पाठवले नाही, म्हणून बापाने पुढचेही पैसे अडवले. दोघेही आपापल्या जागी खरे होते. मुलीची वह्या-पुस्तके मात्र मामाने आणली, आणि बापाचे नाव निघाले की ती उठून आत जाऊ लागली.

मंडळी, पोटगी मुलाच्या तोंडचा घास आहे आणि भेट ही त्याची माया आहे. एक थांबले म्हणून दुसरे थांबवायचे नसते. पैसे येत नसतील तर वसुलीसाठी अर्ज करा. भेट होत नसेल तर आदेश देणाऱ्या कोर्टाला सांगा. शाळेच्या दारातून मूल उचलून नेणे हा मार्ग नव्हे. त्याने मूल भेदरते आणि तुमचीच बाजू पडते.

मात्र मारहाण होत असेल, भेटीला येणारा दारूच्या नशेत येत असेल, तर गप्प बसू नका. तिसऱ्या माणसाच्या देखत भेट ठेवण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली, मुलाला अपाय होईल असे वाटल्यास मॅजिस्ट्रेट भेट नाकारूही शकतात.

मदत कोठे मिळेल?

कौटुंबिक न्यायालय जवळ नसेल तर जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज मूल नेहमी राहते त्या भागातल्या कोर्टात करावा लागतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

शेवटी एक विनंती आजी-आजोबांना, मामांना आणि काकांना. आदेश आईबापांच्या नावाने निघतो, पण तो पाळला जातो की नाही, हे बऱ्याचदा तुमच्यावर अवलंबून असते. लेकरू भेटीहून परत आले, की "तिकडं काय म्हणत होते?" असे खोदून विचारू नका. "तुला कोण जास्त आवडतं?" हे तर मुळीच नको. हातपाय धुवायला पाणी द्या, जेवू घाला, आणि पुढच्या भेटीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहू द्या.