फुटबॉल खेळून पुढे काय? खालिद जमील यांची वाटचाल

पावसाळा लागला की खानवेलमध्ये क्रिकेटची बॅट कोपऱ्यात जाते आणि मुले फुटबॉल घेऊन चिखलात उतरतात. संध्याकाळी ती माखून घरी आली, की आपण मोठी माणसे एकच प्रश्न विचारतो : "हे खेळून पुढे काय?" आम्हीही तो विचारत आलो. सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे पगार आणि पेन्शन यापलीकडे आमची नजर लवकर जात नाही. या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या खालिद जमील यांच्या कारकिर्दीत मिळते. सभासदांना ते सांगावेसे वाटले.

जमील यांचा जन्म १९७७ सालचा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आले. मधल्या फळीतले खेळाडू म्हणून ते महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळले, भारतीय संघातही त्यांना स्थान मिळाले. पुढे दुखापतींनी सतावले. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले.

हा श्रीमंत क्लब नव्हता. राष्ट्रीय आय-लीगमध्ये तळाला राहणारा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात असे. जमील यांनी सात वर्षे मुंबईला त्या खाईत पडू दिले नाही. चषक मात्र एकही मिळाला नाही. २०१६ मध्ये ते क्लबमधून बाहेर पडले आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईचे खेळाडूही तिकडे गेले.

ऐझॉलचा संघ आधीच्या हंगामात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. त्याच संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. एका गुणाने ताळेबंद जुळला! ईशान्य भारतातील क्लबने हे विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी मात्र तळाला गेली.

पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर असा प्रवास झाला. इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी प्रशिक्षकांचाच बोलबाला होता. तिथे २०२१ मध्ये नॉर्थईस्टने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. कायमस्वरूपी नेमणूक मिळालेले ते पहिले भारतीय. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. गोव्याच्या साव्हियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीयाकडे आले.

सुरुवात चांगली झाली. मध्य आशियातील कॅफा नेशन्स कप स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने १-२ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. म्हणजे इतक्या वर्षांनी मिळालेली खुर्चीही सुखाची नाही.

मग पुढे काय? खेळणे थांबले तरी खेळातले काम थांबत नाही. प्रशिक्षकांसाठी डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा परवान्यांच्या पायऱ्या आहेत. बँकेत बढतीच्या परीक्षा असतात, तशाच या. शाळा, अकादमी, क्लब यांना असे प्रशिक्षक लागतात. उत्पन्न बेताचे असू शकते, नोकरीची हमी नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावे. पण सात वर्षे चषकाविना केलेले काम आठव्या वर्षी कामी आले, हेही सांगावे.

यंदा मूल चिखलाने माखून आले, तर आधी पाय धुवायला पाणी द्यावे. मग विचारावे, "आज कोणत्या जागेवर खेळलास?" आम्ही आमच्या नातवंडांपासून सुरुवात केली आहे.