हिरे आहेत, गिऱ्हाईक नाही

जमिनीखालचं धन : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण नायजेरियात होतो. तिथे तेलाचा पैसा आला आणि ‘असतील शिते तर जमतील भुते’ या न्यायाने वाटेतच जिरला. कारभार चोख असता तर सगळं सुरळीत झालं असतं, असं त्यावरून वाटणं साहजिक आहे. ही समजूत पारखून घ्यायला बोत्स्वानाइतकं चांगलं उदाहरण नाही.

३० सप्टेंबर १९६६ रोजी ब्रिटिश गेले, तेव्हा या कोरड्या देशात डांबरी रस्ता होता अवघा १२ किलोमीटर आणि पदवीधर होते २२. गुरं पाळायची, नाहीतर दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला जायचं, एवढंच लोकांच्या हाती होतं. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले.

ओरापाचा मुलूख बामांग्वातो जमातीचा आणि पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा याच जमातीच्या राजघराण्यातले. त्यांनी ठरवलं असतं तर हिऱ्यांवर जमातीचा हक्क सांगता आला असता. पण १९६७च्या कायद्याने खनिजांचे हक्क जमातींकडून देशाकडे आले आणि हिऱ्यांवरून होऊ शकणारी भाऊबंदकी आधीच मिटली. मग हिरे काढणाऱ्या डी बिअर्स कंपनीशी घासाघीस करून सरकारने खाणींतला आपला १५ टक्क्यांचा हिस्सा १९७५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेला.

पैसा खर्चायची शिस्तही होती. पुण्या-मुंबईभोवती जमिनी विकून आलेले पैसे गाड्या-बंगल्यांत कसे विरले, हे आपण पाहिलं आहे. खनिजाचंही तसंच असतं. ते विकलं की मुद्दलच घटतं. म्हणून हिऱ्यांचा पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांत घालायचा आणि उरलेला गंगाजळीत ठेवायचा, असं धोरण ठरलं. १९९४ मध्ये त्यासाठी ‘पुला फंड’ उभा राहिला. पुला हे तिथल्या चलनाचं नाव आणि त्याचा अर्थ पाऊस! त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीतून बोत्स्वाना बाहेर पडला.

इथपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं. पण हिऱ्याच्या खाणीत खोदकाम करतात ती अवजड यंत्रं. माणसं लागतात थोडीच. परकीय चलन भरपूर मिळालं, रोजगार त्या मानाने झाला नाही. कच्च्या हिऱ्यांना पैलू पाडण्याचं बहुतेक काम सुरतेत होतं आणि सौदे होतात आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्ससारख्या ठिकाणी. बोत्स्वानाने आपल्याकडे कारखाने आणायची खटपट केली, तरी निर्यातीतला सुमारे ८० टक्के वाटा हिऱ्यांचाच राहिला.

आणि मग प्रयोगशाळेतला हिरा आला. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला, तो असाच घडवलेला होता. रासायनिक घडण खाणीतल्या हिऱ्यासारखीच आणि किंमत कितीतरी कमी. खाणीतल्या हिऱ्यांची मागणी घसरली, २०२४ मध्ये बोत्स्वानाची अर्थव्यवस्था आक्रसली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सलग ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष पायउतार झाला.

नायजेरिया आणि बोत्स्वाना शेजारी शेजारी ठेवले की दोन दुखणी वेगळी दिसू लागतात. एक लुटीचं, त्यावर कायदा आणि नेकी हा उतारा आहे. दुसरं एकाच मालावर विसंबण्याचं, आणि तिथे नेकी पुरत नाही. गंगाजळी वाईट वर्षं काढायला मदत करते, पण गिऱ्हाईकच फिरलं तर दुसरा धंदा हाताशी लागतो. तो धंदा चलती असतानाच उभारायचा असतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज कुणाला वाटत नाही.

एका देशाला ती वेळीच वाटली. कथील आणि रबर विकणारा मलेशिया इलेक्ट्रॉनिक वस्तू कशा विकू लागला, ते पुढच्या आठवड्यात.