परदेशच्या प्रवासांत पैसा : रोख कीं कार्ड?

तारापूरच्या शेजारीं चिंचणी म्हणून गांव आहे. तेथें १९५५ सालीं जुने ताम्रपट सांपडले. त्यांपैकीं शके ८४८ च्या लेखांत संजाण प्रांतावर नेमलेल्या मधुमती नांवाच्या अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. परदेशचा माणूस या किनाऱ्याला नवा नाहीं. आज पाम-बोईसरकडील एखादा तंत्रज्ञ परदेशीं निघतो, तेव्हां घरांत प्रश्न होतो : पैसा रोख न्यावा कीं कार्डावर?

या प्रश्नाचा विचार आपल्या सावकारी पेढ्यांनीं पूर्वींच केलेला आहे. रोकड ज्याच्या हातीं, त्याची. ती चोरीस गेली कीं गेलीच. म्हणून व्यापारी हुंडी नेत. शाहाजोग हुंडीचे पैसे पतदार सावकारासच मिळत. वाटमाऱ्याला ती निरुपयोगी. कार्ड ही आजची हुंडीच होय. तें हरवल्यास बँकेस कळवून बंद करितां येतें. नोट बंद करितां येत नाहीं.

मग सारा पैसा कार्डावरच कां नेऊं नये? हुंडी वटण्यास पुढें पेढी उघडी असावी लागे, तसें कार्ड चालण्यास पलीकडे यंत्र चालू असावें लागतें. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवें कार्ड आरंभीं देशांतच चालतें. परदेशांतील वापर धारकानें स्वतः सुरू करावयाचा असतो. हें काम घरूनच उरकावें. परक्या विमानतळावर अपरात्रीं कार्ड नाकारलें गेलें, तर मुक्कामापर्यंत पोंचविणाऱ्या त्या खिशांतल्या चार नोटाच.

आणखी एक सापळा आहे. दुकानांतील यंत्र कधीं विचारतें, रक्कम रुपयांत घ्यावी कीं तेथील चलनांत? रुपया ओळखीचा म्हणून मन तिकडे धांवतें. परंतु तो दर बहुधा महाग पडतो. तेथील चलनच निवडावें.

रोख किती न्यावी? बहुतेक देशांसाठीं एका प्रवासास ३००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेण्यास परवानगी आहे. पण मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे. दोन-तीन दिवसांचा खर्च भागेल एवढ्याच, आणि त्याहि लहान किंमतीच्या नोटा घ्याव्यात. दोन कार्डें असावींत. एक खिशांत, दुसरें सामानांत. आणि निघण्यापूर्वीं बँकेचा दूरध्वनि-क्रमांक कागदावर लिहून एक प्रत घरच्यांपाशीं ठेवावी. कार्ड हरवलें, त्या घटकेस तो कागदच पहिला आधार होतो.