जवानाचा गुडघा आणि पेन्शन

नाशिकरोडला तोफखान्याचे मोठे केंद्र आहे. गावोगावची पोरे तिथे जवान होतात. धावणे, ओझे घेऊन चालणे, उड्या मारणे हे रोजचेच. तोफेचा गोळा काही हलका नसतो. हा सगळा भार गुडघ्यावर येतो.

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर बसते. मधे दोन मऊ गाद्या असतात, अर्ध्या चंद्रासारख्या. पाय रोवलेला असताना अंग गर्रकन वळले, की गादी फाटते. हाडे बांधून ठेवणारे पट्टेही तुटतात. वरून जखम नाही, रक्त नाही. म्हणून घरचेसुद्धा म्हणतात, "चांगला धडधाकट तर आहेस की!" पण विहिरीच्या पायऱ्या उतरताना गुडघा दगा देतो.

मग अपंगत्व किती, हे ठरवायचे कसे? लष्कराचे डॉक्टर एकत्र बसून ते ठरवतात. त्याला मेडिकल बोर्ड म्हणतात. गुडघा किती वाकतो, सांधा डुगडुगतो का, हे ते पाहतात. दोन्ही मांड्यांना टेप लावतात. दुखरा पाय कमी वापरला जातो, म्हणून ती मांडी बारीक होते. पायाने केलेली तक्रारच ती! मग आकडा लिहितात, शेकडा २० किंवा ३०.

आकडा २० च्या खाली असेल, तर बहुधा ही पेन्शन मिळत नाही. शिवाय दुखापत नोकरीमुळे झाली, किंवा नोकरीमुळे वाढली, हे मान्य व्हावे लागते.

आता पैशाचा हिशेब पाहू. शेकडा १०० अपंगत्वाला शेवटच्या पगाराचे शेकडा ३० मिळतात. पगार ४०,००० रुपये असेल, तर १२,०००. शेकडा २० ला २,४००. पण ५० च्या आतला आकडा ५० धरण्याची सवलत होती. मग २,४०० चे ६,००० झाले! ही सवलत आधी फक्त अपंगत्वामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना मिळे. मुदत पुरी केलेल्यांनाही ती द्यावी, असे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितले. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. म्हणून आपण फौजेतून कधी सुटलो, ती तारीख आधी पाहावी.

खरी अडचण कागदाची. "चार दिवसांत बरे होईल, लिहून कशाला घ्यायचे?" असे जवान म्हणतो. वीस वर्षांनी तोच जखमेचा अहवाल शोधत बसावे लागते. पडल्या दिवशीच तो करून घ्यावा, नक्कल घरी ठेवावी.

अर्ज नाकारला तर अपील करता येते. पुढे सैन्याचे न्यायाधिकरण आहे, त्याचे एक पीठ मुंबईत बसते. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जासाठी मदत मिळते. जाताना डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम बरोबर न्यावा.