फॉर्मवरची खोटी टिक

फॉर्म दोन पानी होता. नाव, पासपोर्ट नंबर, रक्तगट, कसली अ‍ॅलर्जी, काय खात नाही. आणि सगळ्यात शेवटी, 'पोहता येतं का?' पुढे दोन चौकोन, 'येस' आणि 'नो'. थायलंडमधल्या फुकेतच्या एका मरीनावर प्लॅस्टिकच्या टेबलाभोवती आम्ही सहाजण बसलो होतो. बाकी पाचजणांनी बोलता बोलता 'येस'वर टिक केली. मग मीही केली.

मला पोहता येत नाही. मी लातूरची आहे.

हे कारण वाटतं की नाही, तुम्ही ठरवा. आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला डबा बांधून. माझं ते वय आलं तेव्हा विहिरीत पाणीच नव्हतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा सहावीत होते. पाणी ही गोष्ट भरून ठेवायची असते, तिच्यात उतरायचं नसतं, असंच डोक्यात बसलं.

आता ग्रुपची ओळख. मुंबईत हॉस्टेलला असताना सगळ्यांना गावाच्या नावानेच हाक मारायची सवय लागली, त्यामुळे आम्ही म्हणजे वर्सोवा, ठाणे, डोंबिवली, गिरगाव, सांगली आणि मी, लातूर. सांगली मूळचा मिरजेचा, त्यामुळे 'पाणी आमचं' हा जोक मी चार वर्षं ऐकतेय. फर्स्ट इयरला ठरलेलं गोवा अर्थातच कधी झालं नाही. मग सांगलीने शिडाच्या बोटीचं एक रील पाठवलं आणि ग्रुपवर लिहिलं, 'भाड्याने मिळते. हिशोब केलाय.' दोन वर्षं माणशी महिना दोन हजार, सांगलीच्या खात्यात. कुणाचं इंटर्नशिपचं मानधन, कुणाच्या ट्यूशन्स. गिरगावने मध्ये तीन महिने हप्ते चुकवले, तो विषय अजून संपलेला नाही.

बोट भाड्याने घेण्याचे प्रकार असतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं. नुसती बोट घ्यायची आणि स्वतः चालवायची, तिला 'बेअरबोट' म्हणतात. त्यासाठी कंपन्या आधीचा अनुभव विचारतात. दुसरा प्रकार बोट अधिक कॅप्टन. तिसऱ्यात बोटीतली फक्त एक केबिन घ्यायची, शेजारच्या केबिनमध्ये अनोळखी लोक. आम्ही दुसरा प्रकार घेतला. बोट जुनी, 43 फुटांची, एका डोलकाठीची. फोटोत दिसतात त्या पांढऱ्याशुभ्र कॅटमरानच्या शेजारी उभी केली की आपली एसटी. पण चार रात्री ती आमची होती. कॅप्टन पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनीच सांगितलं, मला 'लुंग' म्हणा. थाईमध्ये लुंग म्हणजे काका.

महिना जानेवारी. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्या कोकणाला झोडपणारा नैर्ऋत्य मान्सून याच अंदमान समुद्रावरूनही जातो. मे ते ऑक्टोबर तिथेही पावसाळा आणि खवळलेला दर्या. नोव्हेंबरपासून वारा ईशान्येकडून येतो आणि फुकेतच्या पूर्वेची फांग-न्गा खाडी तळ्यासारखी होते. पाणी निळं नाही बरं का, हिरवट-गढूळ आहे. इन्स्टावरचं निळं पाणी बाहेर, फी फी बेटांकडे. पण खाडीत चुनखडीचे सरळसोट सुळके पाण्यातून वर आलेत, त्यांच्या डोक्यावर झाडं, अंगावर लोंबणारे दगड. बोट त्यांच्यामधून जाते तेव्हा सहाही जण गप्प होतात, आणि आमच्या ग्रुपचं तसं कधी होत नाही.

पहिल्याच दुपारी लुंगनी इंजिन बंद केलं. शीड वर गेलं, बोट जराशी कलली आणि आवाजच बंद झाला. वर्सोवा सुकाणूवर होती. तिचे आजोबा तांडेल होते, तिने लहानपणी इंजिनाच्या होडीवर खूप फेऱ्या मारल्यात, पण शिडावर बोट चालवायची तिचीही पहिलीच वेळ. ती पंधरा मिनिटं कुणाशी बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, ''आजोबा यायला पाहिजे होते.''

बोटीवर राहणं म्हणजे चाळीत राहणं. टाकीत गोडं पाणी पाचशे लिटर, सातजणांना चार दिवस. ठाण्याने पहिल्या दिवशी दहा मिनिटं शॉवर घेतला आणि मी त्याला बाहेरून ओरडले. त्यानंतर पाणीखातं माझ्याकडे आलं. मग्याने भांडी कशी घासायची, तोंड धुतलेलं पाणी कशाला वापरायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटच्या दिवशी टाकी निम्मी शिल्लक होती, लुंगनी दोनदा मीटर तपासला. टॉयलेटचा नियम एकच: जे तुम्ही खाल्लेलं नाही ते त्यात टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. जेवणात डोंबिवलीची पंचाईत झाली असती, ती कांदा-लसूण खात नाही आणि तिथे भाजीतही माशाचा सॉस असतो. पण थाई लोकांत 'जे' नावाचा शाकाहार आहे, बौद्ध लोकांच्या व्रताचा. त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. पिवळी पाटी आणि त्यावर लाल अक्षरं दिसली की डोंबिवली निर्धास्त.

टुरिस्ट जागा पटकन सांगते. को तापू, म्हणजे जेम्स बाँडच्या 1974 च्या सिनेमातला तो उभा सुळका. 'को' म्हणजे बेट आणि 'तापू' म्हणजे खिळा, हिंदीतल्या टापूशी संबंध नाही. गर्दी एवढी की आम्ही लांबूनच पाहून निघालो. को पनयी मात्र आवडलं. कड्याला टेकून पाण्यात खांबांवर उभं असलेलं मच्छीमारांचं मुस्लिम गाव. तिथल्या पोरांना 1986 चा वर्ल्डकप बघून फुटबॉल खेळायचा होता, जमीन नव्हती, म्हणून त्यांनी लाकडाच्या फळ्यांचं तरंगतं मैदान बांधलं. सांगली तिथे अर्धा तास खेळला आणि दोनदा बॉल पाण्यात घातला.

आता को फनाक.

या बेटांच्या पोटात 'हाँग' असतात. थाईमध्ये हाँग म्हणजे खोली. वर्षानुवर्षं पाण्याने चुनखडी आतून खाल्ली, छत कोसळलं, आणि डोंगराच्या मधोमध आभाळ दिसणारी खोली तयार झाली. आत जायला भुयार असतं, समुद्राच्या पातळीला. ओहोटीला तिथे चिखल, भरतीला भुयार भरतं. मधल्या वेळात कायाक जाते. आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालो, तीन कायाक, दोघं दोघं. पौष पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वर्सोवा आदल्या रात्रीच म्हणाली होती, ''उधाणाचे दिवस आहेत, पाणी झपाट्याने चढेल.'' आपल्याकडे कोळी लोक तिथीला पाऊण पट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. इथल्यासाठी लुंगकडे छापील तक्ता होता. त्यांनी सांगितलं, पाऊण तासात बाहेर.

भुयारात अंधार, वर वटवाघळं, आडवं पडून जावं लागलं. आणि मग एकदम उजेड. चहूबाजूंनी उंच भिंती, खाली खारफुटी, कडेच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे. ''अगं, निवट्या!'' वर्सोवा ओरडली, ''घरी आज कालवण झालं असतं.'' बाकी चौघं वेळेत निघाले. मी म्हटलं, एक शेवटचा व्हिडिओ. तो एक मिनिट चौदा सेकंदांचा आहे, फोनमध्ये अजून आहे. पाहिलेला नाही.

परतताना भुयाराचं छत खाली आलं होतं. म्हणजे पाणी वर आलं होतं. कायाकचं टोक दगडाला घासून अडकलं, आत येणाऱ्या पाण्याने आम्हाला मागे ढकललं. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी समोरून टॉर्चचा उजेड आणि लुंगचं डोकं आलं. ते पोहत आले होते. म्हणाले, कायाक जाणार नाही, डोकं जाईल. लाइफ जॅकेट आहे, दोघींनी पाण्यात उतरा, एकेकीला मी ओढून नेतो. आणि माझ्याकडे बघून, ''यू स्विम. फॉर्म से येस.''

लाइफ जॅकेट होतं, ओढणारा माणूस होता, अंतर आमच्या हॉस्टेलच्या पॅसेजएवढं. आता लिहिताना हे सगळं कळतंय. तेव्हा माझ्या हाताची बोटं वल्ह्यावरून सुटत नव्हती. मी मराठीतच म्हणाले, ''मला येत नाही.'' वर्सोवाने त्यांना ते इंग्रजीत सांगितलं, आणि मग माझ्याकडे जशी बघितली, ते भुयारापेक्षा वाईट होतं.

लुंग क्षणभर थांबले. ''ओके. वेट.'' गेले आणि दहा मिनिटांनी परत आले, बंद पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि बिस्किटं घेऊन. वर्सोवाला विचारलं, तू येतेस का? ती म्हणाली, नाही. साडेनऊच्या सुमारास भरती पूर्ण होणार होती, मग उतरती लागणार, बाराच्या आसपास वाट मोकळी. सुमारे तीन तास.

पहिला तास ती माझ्याशी बोललीच नाही. आम्ही खारफुटीच्या फांदीला कायाक धरून बसलो होतो. वर माकडं आली, बघून गेली. मग तिनेच सुरुवात केली, ''सांगायला काय झालं होतं तुला?'' मला नीट उत्तर देता आलं नाही. लाज वाटली, एवढंच. पाचजण पटापट टिक करतात तेव्हा सहाव्याला 'नो' लिहायला जो वेळ लागतो, तेवढा मी घेतला नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''माझ्या आजोबांना पण पोहता यायचं नाही. चाळीस वर्षं दर्यावर होते. पण होडीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून त्यांच्या कमरेला कायम दोर असायचा.''

बाराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही बाहेर आलो.

संध्याकाळी ठाणे माझ्यावर भडकला. गिरगाव वातावरण हलकं करायला गेला, तर त्यालाही बोलला. ''काल रात्री आपण सगळे डेकवर नाचत होतो, ही रेलिंगला टेकून उभी होती. पडली असती तर मी आधी हसलो असतो. दोन मिनिटं हसलो असतो.'' यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. लुंगनी मात्र आवाज चढवला नाही. फाइलमधून माझा फॉर्म काढला, पेन दिलं. मी 'येस' खोडलं, 'नो'वर टिक केली, बाजूला सही केली. मग त्यांनी नियम सांगितला: बोट चालू असताना आणि अंधार पडल्यावर डेकवर लाइफ जॅकेट घालूनच. बाकीच्यांना सांगितलं, हिच्यावर एकाने कायम लक्ष ठेवायचं, दोन-दोन तासांची पाळी. सांगलीने लगेच वेळापत्रक केलं. माझ्यामुळे त्यांचं रात्रीचं पोहणं बंद झालं, तेही कुणी बोलून दाखवलं नाही.

चौथ्या दिवशी को याव नोईजवळ वाळूच्या पट्ट्याला नांगर टाकला. पाणी कमरेएवढं. लुंग म्हणाले, ये. पाठीखाली एक तळहात धरला आणि सांगितलं, आभाळाकडे बघ, पोट वर, काही करू नकोस. काही न करणं किती अवघड असतं! पाच-सहा वेळा नाकात पाणी गेलं. मग एकदा कान पाण्याखाली गेले आणि सगळं शांत झालं. वर्सोवा मोठ्याने आकडे मोजत होती. सतराला मला कळलं की पाठीखाली हात नाहीये, आणि अर्थात मी लगेच बुडाले.

आता महापालिकेच्या तरणतलावात सकाळी सहाच्या बॅचला जाते. बॅचमध्ये माझ्याबरोबर आठ वर्षांची चार मुलं आहेत, ती माझ्या पुढे गेलीत. ठाणे अजूनही काही विचारलं की मुद्दाम 'येस' असं लांबवून म्हणतो. घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही. पप्पा दर आठवड्याला हे पान वाचतात, तेव्हा आज दुपारपर्यंत फोन येईल.