जुन्या गाडीचा नवा भाग

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्याने फटफट आवाज करत जाणारी जुनी जावा किंवा येझदी मोटारसायकल तुम्ही पाहिली आहे का? तिची किक मारण्याची दांडीच गिअर बदलण्याचेही काम करते. तिचा एखादा भाग मोडला, तर नवा भाग कोठून आणायचा? या प्रश्नातच एका व्यवसायाची कल्पना दडलेली आहे.

जावा कंपनी 1929 मध्ये चेकोस्लोव्हाकियात सुरू झाली. संस्थापक यानेचेक आणि 'वांडरर' ही जर्मन कंपनी, या दोन्ही नावांची रोमन लिपीतील पहिली दोन-दोन अक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले. पुढे 1961 पासून म्हैसूर येथे या गाड्या बनू लागल्या. 1973 पासून त्या येझदी या नावाने विकल्या जाऊ लागल्या. 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली. पण या नव्या गाड्यांची इंजिने वेगळी आहेत. त्यांचे भाग जुन्या गाड्यांना चालत नाहीत.

आजही अनेकांनी जुन्या गाड्या जपल्या आहेत. कोणासाठी ती वडिलांची आठवण असते. भंगार बाजारात काही भाग मिळतात, काही भाग लेथवर करून घेता येतात. पण काही भाग येथे मिळतच नाहीत. चेक प्रजासत्ताकात मात्र जुन्या जावाचे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. तेथून भाग मागवून येथील गिऱ्हाइकाला देणे, हाच हा व्यवसाय.

यात पहिले काम ओळख पटवण्याचे. गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पुस्तिकेतील भागाचा क्रमांक नीट पाहावा लागतो. म्हैसूरच्या गाड्यांत पुढे बरेच बदल झाले. त्यामुळे तिकडचा प्रत्येक भाग इकडच्या गाडीला बसेलच असे नाही. म्हणून जुन्या भागाचे माप घेतल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

दुसरे काम हिशोबाचे. समजा, एक भाग 1,000 रुपयांचा आहे आणि पार्सलचा खर्च 2,000 रुपये आहे. मग तो भाग 3,000 रुपयांना पडतो. पण दहा गिऱ्हाइकांचे असे दहा भाग एकाच पार्सलमध्ये मागवले आणि खर्च 4,000 रुपये आला, तर प्रत्येक भाग 1,400 रुपयांनाच पडेल. यावर सीमाशुल्क आणि जीएसटी भरावा लागतो. सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर आकारले जाते. शिवाय परकीय चलनाचा भाव रोज बदलतो. हे सारे लक्षात न घेता किंमत सांगणारा दुकानदार नफ्याऐवजी तोटा पदरात पाडून घेतो.

तिसरे काम कायद्याचे. परदेशातून व्यापारासाठी माल आणणाऱ्याला विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. मालाचे बिल खरे असावे लागते. कर वाचवण्यासाठी खोटी किंमत दाखवणे हा गुन्हा आहे.

सर्वांत मोठे भांडवल मात्र विश्वासाचे. गिऱ्हाईक आगाऊ पैसे देते आणि कित्येक आठवडे वाट पाहते. ते पैसे म्हणजे आपल्याकडे ठेवलेली अमानतच. माल यायला उशीर झाला, तर आपण होऊन कळवावे. ब्रेकचा भाग तर अस्सलच द्यावा. नकली भागामुळे स्वाराचा जीव जाऊ शकतो.

मुलांनो, एका छोट्या सुट्या भागासाठी भूगोल, गणित, इंग्रजी आणि यंत्रज्ञान अशा कितीतरी विषयांची गरज लागते, हे तुमच्या लक्षात आले असेल. शाळेत शिकलेले असे कामी येते. दुकान लहान असले तरी चालेल. पण माप अचूक, हिशोब चोख आणि शब्द खरा असावा.